फ्लॅगांना नावं ठेवायची आहेत (कर्नलवाल्यांनी इकडे या)

बाणेरचा_बिट

नमस्कार मंडळी.

आम्ही चौघं बाणेरला एका उपकरणासाठी छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) आठ महिने धड चाललंय. आता तेच रिस्क-व्ही या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर न्यायचं आहे म्हणून हेडर फायली आवरायला काढल्या, आणि तीन दिवस झाले, नावांवरून जुंपली आहे.

पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) परवानग्यांच्या फ्लॅगांसाठी, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या बिटांसाठी, आमचं एकच हेडर आहे. एमएफ_आर (वाचा) म्हणजे १, एमएफ_डब्ल्यू (लिहा) म्हणजे २, एमएफ_एक्स (चालवा) म्हणजे ४. चार ओळी खाली एमएफ_एनएक्स, बिट ६३. म्हणजे 'चालवू द्या' आणि 'चालवू देऊ नका' एकाच छपराखाली नांदताहेत. परवा रिव्ह्यूत एकाने दोन्ही एकत्र ओआर केलेले सापडले. त्याचं म्हणणं, "एक सॉफ्टवेअरचा, एक हार्डवेअरचा, त्यात काय?"

तर नाव परवानगीचं असावं की मनाईचं? सगळीकडे एकच संच चालेल की थराथराला वेगळा? आणि आमच्यातल्या एकाला आकडे सीएचमॉडसारखे (युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या बदलणारी आज्ञा) ४-२-१ हवेत, कारण "सगळ्यांना तेच पाठ असतं". त्याला काय उत्तर देऊ?

(रिस्क-व्हीवर पहिलाच प्रोग्राम ग्लोबल व्हेरिएबलमध्ये लिहायला गेला की स्टोअर पेज फॉल्ट (लिहिताना प्रोसेसरने घेतलेली हरकत) खाऊन मरतोय, एसकॉज (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) १५. ते वेगळं दुखणं, त्याचा वेगळा धागा काढेन.)

कोथरूडचा_कोडगा

जागा पकडून ठेवतो. चहा घेऊन येतो.

सावित्री_एस

थर वेगळे तर नावं वेगळी. याला दुसरं उत्तर नाही.

लिनक्समध्ये बघा. प्रोग्राम एममॅप करताना (मेमरीचा पट्टा मागताना) जे मागतो ते प्रॉट_रीड, प्रॉट_राइट, प्रॉट_एक्झेक. कर्नल त्या पट्ट्याबद्दल स्वतःच्या वहीत जे लिहून ठेवतं ते व्हीएम_रीड, व्हीएम_राइट, व्हीएम_एक्झेक. आणि प्रत्यक्ष पेज टेबलात (प्रोसेसर पत्ते आणि परवानग्या बघतो त्या तक्त्यात) जे बिट बसतात ते त्या त्या प्रोसेसरचे, एक्स८६ वर पेज_आरडब्ल्यू, पेज_एनएक्स वगैरे. पहिल्या दोन संचांचे आकडेही तेच आहेत, १, २, ४. तरी नावं वेगळी ठेवली आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत.

साधं उदाहरण. फोर्क (चालू प्रोग्रामची जुळी प्रत काढणं) झाल्यावर आईचा आणि मुलाचा डेटा एकाच पेजवर असतो. वहीत व्हीएम_राइट आहे, पण पेज टेबलात लिहायचा बिट मुद्दाम काढलेला असतो. लिहायला गेलं की फॉल्ट येतो, कर्नल वही बघतं, "बरोबर आहे, याला परवानगी आहे" म्हणतं, प्रत काढून देतं. आता सांगा, हे पेज लिहिता येण्याजोगं आहे की नाही? दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. तुमच्या एमएफ_डब्ल्यूमध्ये ती कुठे मावणार?

बाणेरचा_बिट

आमच्याकडे फोर्क नाही :) पण मुद्दा पोचला.

सदाशिव_पाटीवाला

मनाईची नावं वाईट म्हणणाऱ्यांनी एकदा पेठेत येऊन जावं. आमच्याकडे परवानगीची पाटी असते का कुठे? सगळ्या एनएक्स. "फाटकासमोर वाहन लावू नये", "बेल एकदाच वाजवावी", "पत्ता विचारू नये".

कोथरूडचा_कोडगा

आली! पाटी कितव्या प्रतिसादाला येते तेच बघत बसलो होतो. चौथ्याला.

सदाशिव_पाटीवाला

हसू नका, मुद्द्याचं बोलतोय. आपल्या रस्त्यांवरचे पी१ आणि पी२ आठवा. बाहेरगावच्या माणसाला कळतं का, की एक विषम तारखेचा आणि एक सम तारखेचा? तो बिचारा पी बघून गाडी लावतो आणि टोइंगवाला उचलून नेतो. पाटी खोटी बोलत नाही, पण काही सांगतही नाही. तुमचं एमएफ_एक्स त्याच जातीचं. एमएफ म्हणजे काय ते त्यात नाही, एक्स कुणासाठी ते नाही, युजरसाठी की कर्नलसाठी तेही नाही. एआरएमवाल्यांनी बघा, यूएक्सएन आणि पीएक्सएन अशी दोन वेगळी नावं ठेवली. एक युजरला मनाई, एक कर्नलला.

चिंचवडचे_काका

'नावं ठेवणे' वाचून आलो. पुणेकरांना यात मार्गदर्शन लागतंय हे नवल.

आता जरा जुनं. ३८६ च्या पेज टेबलात चालवण्याचा बिटच नव्हता. वाचता येतं ते चालवता येतं, संपला विषय. एएमडीने २००३ साली ऑप्टेरॉन आणला तेव्हा एनएक्स आला, ६४ बिटी एंट्रीच्या अगदी वरच्या टोकाला. इंटेलने तोच बिट घेतला आणि एक्सडी म्हटलं. मनाईचं नाव कुणाला हौस म्हणून नाही दिलं. जुन्या सगळ्या सिस्टिम तो बिट शून्य ठेवत होत्या, आणि शून्याचा अर्थ 'पूर्वीसारखंच चालू द्या' असाच राहायला हवा होता. म्हणून १ म्हणजे मनाई.

त्यामुळे माझं मत असं, की हार्डवेअरच्या बिटाचं नाव हार्डवेअरच्या मॅन्युअलात आहे तेच ठेवा, उलटं असलं तरी. उलटसुलट करायचं ते भाषांतराच्या एकाच फंक्शनात. वरच्या थरांत मात्र मनाईचं नाव दिसता कामा नये. "नॉट एनएक्स नसेल तर" असली अट रात्री दोन वाजता वाचून बघा.

अजून एक. ३८६ वर 'रीड-ओन्ली' हा बिट फक्त युजरपुरता होता. कर्नल स्वतः त्या पेजवर बिनदिक्कत लिहू शकायचं. ४८६ मध्ये सीआर०चा सोळावा बिट, डब्ल्यूपी, आला तेव्हा कर्नललाही वेसण बसली. १९९१ साली इकडे सी-डॅकच्या परम ८००० चं कौतुक गावभर चाललं होतं, आणि आम्ही एका खोलीत ३८६ वर 'रीड-ओन्ली' टेबल कोण खराब करतंय ते आठवडाभर शोधत होतो. आमचंच कर्नल करत होतं. नावावर विश्वास ठेवला हा गुन्हा.

(परममधल्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरला एमएमयूच, म्हणजे पेजचे पत्ते-परवानग्या सांभाळणारा भागच, नव्हतं. त्यांच्यापुरता हा धागाच निकालात.)

मायमराठी_६४

एक सूचना. 'फ्लॅग'ला 'ध्वज' का म्हणू नये? आणि 'मास्क'ला (हवे तेवढेच बिट ठेवणारा आकडा) मुखवटा? 'मुखवटा लावून ध्वज तपासला' हे किती सुंदर वाटतं.

कोथरूडचा_कोडगा

सुंदर वाटतं, पण गणेशोत्सवाची वर्गणी मागायला आल्यासारखंही वाटतं.

मायमराठी_६४

टर उडवणं सोपं असतं. असो.

रात्रपाळी

'एकच संच पुरे' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक थर. लिनक्समध्ये व्हीएम_रीड, राइट, एक्झेक यांच्या जोडीला व्हीएम_मेरीड, व्हीएम_मेराइट, व्हीएम_मेएक्झेक आहेत. आज परवानगी आहे का हे पहिले सांगतात, उद्या मागितली तर देता येईल का हे दुसरे. फाइल फक्त वाचायला उघडली आणि शेअर्ड मॅप केली, की मेराइट काढून घेतात. मग नंतर एमप्रोटेक्टने (परवानगी बदलून मागणारा कॉल) कितीही गयावया करा, ईअॅक्सेस, म्हणजे नकार.

यात एक गंमत आहे. मे-वाले चारही बिट बरोब्बर चार घरं वर आहेत. रीड १ तर मेरीड १६, राइट २ तर मेराइट ३२. त्यामुळे एमप्रोटेक्टमध्ये नवे फ्लॅग चार घरं उजवीकडे सरकवले की मे-वाले खाली येऊन बसतात, आणि एका ओळीत तपासणी होते. आकडा नीट निवडला की कोड किती आखूड होतो त्याचं हे उदाहरण.

आणि नाव फसलं की काय होतं त्याचं उदाहरण त्याच फाइलीत, व्हीएम_शेअर्ड. वाचायला उघडलेली फाइल तुम्ही शेअर्ड म्हणून मॅप केली, तर व्हीएम_शेअर्ड काढून टाकतात आणि व्हीएम_मेशेअर तेवढा राहतो. प्रॉकच्या मॅप्स फाइलीत (प्रोग्रामच्या मेमरी-पट्ट्यांची यादी) जे 'एस' अक्षर दिसतं ते मेशेअर बघून छापतात. म्हणजे 'मे' असलेलं नाव खरं सांगतं आणि 'मे' नसलेलं नाही. नवीन माणूस इथे हमखास आपटतो. मी आपटलो होतो.

नवखी_तिसरं_वर्ष

मी इंजिनिअरिंगला आहे, ओएसच्या प्रॅक्टिकलमध्ये एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी ओएस) करतोय. वेडगळ प्रश्न असेल तर माफ करा. मी "फ्लॅग्ज अँड प्रॉट_नन" अशी अट घातली होती आणि ती कधीच खरी होत नव्हती. दोन तास गेले. मग कळलं की प्रॉट_नन शून्य आहे. मग त्याला नाव तरी का दिलं?

सावित्री_एस

वेडगळ अजिबात नाही गं, सगळ्यांचे ते दोन तास कधी ना कधी जातात. नाव दिलं कारण मागणाऱ्याला "मला काहीच नको, फक्त जागा धरून ठेवा" हे स्पष्ट लिहिता यावं. स्टॅकच्या टोकाला गार्ड पेज ठेवतात ते तसंच. पण तो बिट नाही, बिटांचा अभाव आहे. अँड करून नाही, बरोबरीने तपासायचं.

मगरपट्टा_विंडोज

तुमच्या लिनक्सच्या गप्पा चालू द्या, पण विंडोजमध्ये हा घोळच नाही. पेज_नोअॅक्सेस १, पेज_रीडओन्ली २, पेज_रीडराइट ४, पेज_राइटकॉपी ८, पेज_एक्झिक्यूट १६, असं पुढे. यादीतून एक उचलायचा. काहीच न देण्यालासुद्धा स्वतःचा आकडा आहे, शून्य नाही. नवखीचे दोन तास वाचले असते.

रात्रपाळी

आणि दिसायला दुपटीचे आकडे असल्यामुळे माणूस ओआर करायला जातो त्याचं काय? रीडओन्ली ओआर एक्झिक्यूट केलं की १८, आणि १८ नावाचं तिथे काहीच नाही, कॉल नापास. यादी आहे तर १, २, ३, ४ आकडे द्यायचे ना. फ्लॅगचा वेश घालून फ्लॅग नसलेलं काहीतरी.

मगरपट्टा_विंडोज

गार्ड आणि नोकॅश हे जास्तीचे फ्लॅग वरून ओआर करता यावेत म्हणून तसं आहे.

रात्रपाळी

म्हणजे अर्धे करायचे, अर्धे नाही. मग घोळ नाही कसा?

कोथरूडचा_कोडगा

चहा संपला, दुसरा घेऊन येतो.

चिंचवडचे_काका

भांडण चालू द्या, मी व्याख्येचं बोलतो. धागा नावांवर घसरलाय, पण फ्लॅग 'लिहायचा' कसा यावर आमची जास्त रक्तं आटली आहेत.

६३ वा बिट "१ डावीकडे ६३" असा लिहू नका. साधा १ हा इंट, ३२ बिटी, त्याला ६३ घरं ढकलणं हे सी भाषेत बेवारस आहे, कंपायलर मनाला येईल ते करेल. १ ला आधी ६४ बिटी करा, मग ढकला. हे बहुतेकांना माहीत असतं.

हे मात्र माहीत नसतं. पेज टेबलच्या एंट्रीतले खालचे १२ बिट पुसायला आपण ४०९५ उलटा करून अँड करतो. ४०९५ नुसता लिहिला तर तो साइन्ड इंट, उलटा केला की उणे ४०९६, ६४ बिटांत नेला की वरचे सगळे १ भरतात, काम बरोबर होतं. आता कुणीतरी नीटनेटका माणूस येतो, "फ्लॅग अनसाइन्ड असावेत" म्हणून ४०९५ पुढे यू लावतो. झालं. आता ६४ बिटांत नेताना वर शून्यं भरतात, आणि अँड केलं की वरचे ३२ बिट साफ. त्यात एनएक्सही गेला. रॅम ४ जीबीच्या आत असेल तर पत्त्याला धक्का लागत नाही, त्यामुळे काही बिघडल्याचं दिसतच नाही. फक्त मनाई उठलेली असते. यूएलएल (६४ बिटी अनसाइन्ड) लावा, नाहीतर मास्कच ६४ बिटी टाइपचा करा.

डेक्कन_क्वीन

माझं मत थोडं वेगळं आहे. नावांवर इतकं अवलंबून का राहायचं? थकलेला माणूस चुकीचं नाव टाइप करणारच. लिनक्समध्ये पेज टेबलातल्या परवानग्या पीजीप्रॉट_टी नावाच्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळल्या आहेत. आत एकच आकडा आहे, पण स्ट्रक्ट असल्यामुळे तिथे प्रॉट_रीड दिला तर कंपाइलच होत नाही. तुमचा तो "त्यात काय?" वाला सहकारी कंपायलरने तिथल्या तिथे गप्प केला असता, तीन दिवस भांडायला नको.

तरी नावाचा परिणाम होतो हेही खरं. कर्नलचा कोड आणि स्थिर डेटा लिहिण्यापासून वाचवणारा पर्याय लिनक्समध्ये बरीच वर्षं कॉन्फिग_डीबग_रोडेटा या नावाने होता. डीबग म्हटलं की लोकांना वाटतं, चाचणीपुरतं असेल, शिप करताना बंद करू. ही सुरक्षेची गोष्ट आहे, डीबगची नाही, म्हणून २०१७ मध्ये त्याचं कॉन्फिग_स्ट्रिक्ट_कर्नल_आरडब्ल्यूएक्स केलं. बारसं नुसतं, पण गरजेचं.

बाणेरचा_बिट

सगळ्यांचे आभार. डेक्कन क्वीन यांची स्ट्रक्टची कल्पना आजच उचलतोय. पण ४-२-१ चं कुणीच बोललं नाही. तो माणूस उद्या सकाळी परत पाटी टाकून बसणार.

सावित्री_एस

अरे हो, ते राहिलंच. आणि खरी मेख तिथेच आहे.

सीएचमॉडचं ४-२-१ सगळ्यांना पाठ, वाचा ४, लिहा २, चालवा १. ईएलएफ फाइलीतल्या (तयार प्रोग्रामची फाइल) सेगमेंटचे, म्हणजे तिच्या भागांचे, फ्लॅगही त्याच क्रमाने, पीएफ_आर ४, पीएफ_डब्ल्यू २, पीएफ_एक्स १. एममॅपचे प्रॉट मात्र उलटे, वाचा १, लिहा २, चालवा ४. दोन्ही जगं जुनी आहेत, आता कुणी बदलणार नाही. तुम्ही कुठलाही क्रम निवडा, दुसऱ्या बाजूला भाषांतर करावंच लागणार. लिनक्सच्या ईएलएफ लोडरमध्ये (प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग) त्यासाठी तीन इफ आहेत: पीएफ_आर असेल तर प्रॉट_रीड लावा, असे. बावळट दिसतात, पण बरोबर आहेत.

भाषांतर विसरलं तर काय होईल ते कागदावर मांडून बघा. कोडचा सेगमेंट 'वाचा-चालवा', ईएलएफमध्ये ४+१, म्हणजे ५. प्रॉटमध्ये ५ म्हणजे १+४, तरी 'वाचा-चालवा'च! पुढून-मागून वाचा, सारखंच. डेटाचा सेगमेंट 'वाचा-लिहा', ४+२, म्हणजे ६. प्रॉटमध्ये ६ म्हणजे 'लिहा-चालवा'. स्थिर डेटाचा ४, तिकडे जाऊन 'फक्त चालवा'.

आणि एक्स८६ वर यातलं काहीही बोंबलत नाही, कारण तिथे पेज हजर असलं की वाचता येतंच. 'लिहा-चालवा' मागितलं तरी वाचता येतं. सगळे प्रोग्राम सुरळीत चालतात, फक्त तुमचा सगळा डेटा चालवण्याजोगा झालेला असतो.

रिस्क-व्हीवर मात्र वाचायचा बिट शून्य आणि लिहायचा एक ही जोडी राखीव आहे. अशा पेजला हात लावला की फॉल्ट. तुम्ही लिहायला गेलात तर स्टोअर पेज फॉल्ट. म्हणजे एसकॉज १५.

बाणेरचा बिट, तुमचं ते 'वेगळं दुखणं' पुन्हा एकदा वाचा. तुमचा लोडर ईएलएफचा आकडा सरळ पुढे ढकलतो का?

कोथरूडचा_कोडगा

बशीत चहा सांडला.

नवखी_तिसरं_वर्ष

सावित्रीताई __/\__ ते ५ चं पुढून-मागून मी वहीत उतरवून घेतलंय.

बाणेरचा_बिट

ऑफिसला परत आलोय. वॉचमन काकांनी विचारलं, काय विसरलात? म्हटलं, तीन इफ.

लोडरमध्ये ओळ सापडली. सेगमेंटचे फ्लॅग, अँड ७, आणि ते थेट मॅप करणाऱ्या फंक्शनला. रिस्क-व्हीच्या बाजूला तोच आकडा एक घर डावीकडे सरकवून पेज टेबलात, कारण तिथे आर, डब्ल्यू, एक्स ओळीने १, २, ३ या घरांत आहेत, आणि मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती. दोन्ही कमिट माझेच. आठ महिन्यांपूर्वीचा संदेश आहे, "लोडर साफ केला, अनावश्यक अटी काढल्या".

अनावश्यक अटी!

तीन इफ परत घातले. रिस्क-व्ही बोर्डाने पहिली ओळ छापली. एक्स८६ साठी एक छोटी चाचणीही लिहिली: ग्लोबल अॅरेमध्ये सी३ हा एकच बाइट ठेवायचा, म्हणजे रेट ('परत जा' ही सूचना), आणि त्या अॅरेलाच फंक्शन समजून हाक मारायची. फॉल्ट यायला हवा. दुरुस्तीच्या आधी चालवून बघितली तर गुमान परत आली. म्हणजे आठ महिने आमचा डेटा खरंच चालवता येत होता.

डेक्कन_क्वीन

आणि दुरुस्तीनंतर?

बाणेरचा_बिट

तेच कळत नाहीये. दुरुस्तीनंतरही गुमान परत येतेय. रिस्क-व्हीवर त्याच चाचणीला फॉल्ट येतो, एक्स८६ वर नाही.

रात्रपाळी

ईएफईआर रजिस्टरमध्ये एनएक्सई (प्रोसेसरला एनएक्स मानायला लावणारा बिट) चालू केलंय का?

सावित्री_एस

ते बंद असतं आणि एंट्रीत ६३ वा बिट लागलेला असता, तर राखीव बिट म्हणून फॉल्ट आला असता. फॉल्टच येत नाही, म्हणजे बिट एंट्रीपर्यंत पोचतच नाहीये. मध्ये कुणीतरी खातंय.

चिंचवडचे_काका

रॅम किती आहे रे बोर्डावर?

बाणेरचा_बिट

२ जीबी. का हो काका?

चिंचवडचे_काका

युजर-बिट शेवटी कोण लावतं? त्या फंक्शनात खालचे १२ बिट पुसताना ४०९५ पुढे काय लिहिलंय ते बघ.

बाणेरचा_बिट

यू.